खिडकीबाहेर ऊन, माजघरात बल्ब

खालून उजेड येणाऱ्या लाइट बॉक्सवर दोन स्लाइड, म्हणजे फिल्मवरच थेट उमटलेले पारदर्शक फोटो, शेजारीशेजारी ठेवल्यात. दोन्ही राजापूरकडच्या एकाच घरातल्या, एकाच माजघराच्या. पहिलीत माजघर झकास आलंय. सारवलेली जमीन, कोपऱ्यातलं जातं, भिंतीतला कोनाडा, सगळं जागच्या जागी. फक्त खिडकी नाही. म्हणजे चौकट आहे, गजही अर्धेमुर्धे दिसतात, पण त्यांच्यापलीकडे काही नाही. लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून बघितलं की तिथे फिल्म धुऊन निघाल्यासारखी वाटते, नुसता पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. अंगण, तुळस, आगरात उतरणारी पाखाडी, सगळं त्या भोकातून सांडून गेलं.

दुसरी स्लाइड कशी निघाली ते सांगायचं तर आधी पहिली का फसली हे सांगायला हवं.

मी त्या माजघरात बसलो होतो तेव्हा मला बाहेरचं अंगणही दिसत होतं आणि आतलं जातंही. दोन्ही एकाच वेळी दिसतंय असं वाटतं, पण तसं नसतं. नजर अंगणावर गेली की बाहुली आक्रसते, कोनाड्यावर आली की पसरते, आणि मेंदू हे सगळे तुकडे शिवून आपल्यापुढे अख्खी खोली मांडतो. फिल्मला ही सोय नाही. तिला एकदाच बघायचं असतं, आणि सगळीकडे एकाच मापाने.

ते माप मोजायचं एकक म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट, एक कमी झाला की निम्मा. शंभर आयएसओच्या फिल्मला (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती पटकन दाद देते त्याचा आकडा) भर उन्हातल्या अंगणासाठी साधारण १/१२५ सेकंद आणि एफ/१६ लागतं. सेकंद म्हणजे शटर किती वेळ उघडं, आणि एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक, अ‍ॅपर्चर, किती मोठं: ५.६, ८, ११, १६, २२, ३२ अशी पायरी चढत गेलं की दर पायरीला भोक लहान आणि उजेड निम्मा. त्याच वेळी माजघरातल्या भिंतीवर माझा उजेड मोजायचा मीटर १/४ सेकंद आणि एफ/५.६ दाखवत होता. शटरमध्ये पाच स्टॉप, अ‍ॅपर्चरमध्ये तीन, म्हणजे आठ स्टॉपचा फरक. आठ वेळा दुप्पट केलं की २५६ येतात. बाहेरचा उजेड आतल्याच्या अडीचशे पट होता आणि मला मात्र खोली ‘थोडी अंधारी’ वाटत होती.

स्लाइड फिल्म नीट तपशिलासकट पाच स्टॉप झेलते, फार तर सहा. त्यापलीकडे एका टोकाला काच, दुसऱ्या टोकाला डांबर.

निगेटिव्ह याच खोलीत बरीच सांभाळून घेते, तिची मजल नऊ-दहा स्टॉपपर्यंत सहज जाते. मग स्लाइडच एवढी कंजूष का? कारण निगेटिव्ह हा कच्चा मसुदा असतो. ती मुद्दाम मवाळ बनवलेली असते, समोरच्या उजेडातला फरक ती साधारण ०.६ पटीने दाबून नोंदवते. पुढे प्रिंट काढताना कागद तो फरक पुन्हा ताणतो, आणि ताणताना काय ठेवायचं, काय सोडायचं हे ठरवायला माणूस बसलेला असतो. स्लाइडच्या पुढे कोणीच नाही. कॅमेऱ्यात गेलेला तोच फिल्मचा तुकडा माउंट होऊन प्रोजेक्टरमध्ये चढतो. अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यावरचं चित्र डोळ्याला मुळात फिकं वाटतं, म्हणून स्लाइडचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम वाढवलेला असतो, दीडपटीच्याही वर. ट्रेकिंगवाल्यांच्या स्लाइड शोमध्ये हिमालयातलं निळं आकाश बघून ज्यांनी ‘वा!’ म्हटलंय, त्यांनी या कॉन्ट्रास्टलाच दाद दिलीय. माजघरात तोच अंगावर येतो.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल. कोडॅकची कोडॅक्रोम ही स्लाइड फिल्म २००९ मध्ये बंद झाली हे खरं. पण त्यांचीच एक्टाक्रोम २०१२ मध्ये गेली आणि २०१८ मध्ये परत आली, आणि गेल्या काही वर्षांत आजोबांचा कॅमेरा कपाटातून काढून त्यात स्लाइडचा रोल भरणारी पोरं मला भेटू लागलीत. पहिला रोल धुऊन आला की प्रश्न ठरलेला असतो: ‘काका, खिडक्या का गेल्या?’

तर आधी मीटरबद्दल. निगेटिव्हवाले सावलीचा विचार करून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवतात, स्लाइडवाल्याने उजळ भागाचा विचार करायचा. स्लाइडमधली सावली थोडी गडद झाली तर कोणी विचारत नाही, संध्याकाळ म्हणून खपते. पण उजळ भाग गेला की तो गेलाच, स्कॅनरही तिथून काही परत आणू शकत नाही, कारण तिथे आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्या अंगणात दोरीवर पांढरं धोतर वाळत होतं. मीटरला धोतर कळत नाही. समोर येईल ती वस्तू मध्यम करडी आहे असं धरून तो आकडा सांगतो. धोतरावर रोखला तर तो १/१२५ ला एफ/३२ म्हणेल. तसं ऐकलं तर धोतर कळकट येईल. म्हणून तिथून दोन स्टॉप उघडायचे, म्हणजे एफ/१६, की धोतर पांढरं आणि तरी त्याच्या सुरकुत्या शाबूत. वर सांगितलेला उन्हाचा आकडा याच हिशोबाने पुन्हा भेटला, हा योगायोग नव्हे.

आता एफ/१६ ला अंगण बसलं. माजघर मात्र आठ स्टॉप खाली, शाईच्या दौतीत. पुढे रस्ते तीनच: बाहेरचा उजेड उतरवायचा, आतला चढवायचा, नाहीतर गप्प बसून वाट बघायची.

बाहेरचा उतरवणं हे सिनेमावाल्यांचं काम. खिडकीच्या काचेवर बाहेरून करड्या रंगाचं जेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ ताव, ताणून बसवतात. दोन स्टॉपचं, तीन स्टॉपचं, हवं तसं मिळतं. शहरातल्या फ्लॅटच्या स्लायडिंग खिडकीला ते छान बसतं. कोकणातल्या जुन्या खिडकीला काचच नसते. गजांच्या बाहेरून चौकटीला मी एकदा चिकटपट्टीने जेल लावून बघितलं. समुद्राकडून वारा आला आणि अख्खी खिडकी पापडासारखी कुडकुडायला लागली. प्रत्येक सुरकुतीत एकेक सूर्य. त्या दिवसाचा धडा तेवढाच.

आतला उजेड चढवणं म्हणजे बहुतेकांच्या मनात फ्लॅश. फ्लॅश समजून घ्यायचा तर आषाढातली वीज आठवावी. दार मिनिटभर उघडं ठेवलं काय किंवा अर्धा तास, एकदा चमकलेल्या विजेचा आत येणारा उजेड तेवढाच. फ्लॅशचं तसंच आहे. तो साधारण एक हजारांश सेकंदात उरकतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याचं त्याला सोयरसुतक नाही. त्याला फक्त अ‍ॅपर्चर कळतं. अंगणातल्या उन्हाला मात्र शटरही कळतं आणि अ‍ॅपर्चरही. या एका फरकावर सगळा तोल उभा आहे: अ‍ॅपर्चर फ्लॅशला जुळवून ठेवायचं आणि शटरने बाहेरचं ऊन कमीजास्त करायचं.

अडचण एवढीच की शटर हवं तेवढं वेगवान करता येत नाही. पडदेवाल्या कॅमेऱ्यात एका ठरावीक वेगापुढे फ्लॅश उडतो त्या क्षणी पूर्ण फ्रेम उघडी नसते, आणि अर्धं चित्र काळं येतं. पेंटॅक्स के १००० मध्ये ही मर्यादा १/६० आहे, निकॉन एफएम२च्या सुधारित मॉडेलमध्ये १/२५०. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक माजघरात केवढा मोठा होतो बघा.

के १००० घेतला. १/६० ला उन्हातलं अंगण एफ/२२ मागतं. ते एक स्टॉप उजळ चालेल असं ठरवलं तर एफ/१६. म्हणजे माझ्या फ्लॅशने खोलीत एफ/१६ पुरता उजेड करायला हवा. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, ३६ आहे; त्याला अंतराने भागलं की एफचा आकडा मिळतो. चार मीटरवरच्या भिंतीसाठी ३६ भागिले ४, एफ/९. तेही सरळ तोंडावर मारला तर, आणि सरळ मारलेल्या फ्लॅशने माजघराचं पोलीस ठाणं होतं. मग छतावर उसळवावा? कोकणातल्या घराचं छत म्हणजे चुलीच्या धुराने काळे झालेले वासे आणि त्यावर कौलं. तिथे गेलेला उजेड परत येत नाही. म्हणून आपला पांढरा थर्माकोल किंवा दोरीवर टाकलेली चादर. त्यात आणखी दोन स्टॉप खर्ची. हातात उरलं एफ/४.५. गरज एफ/१६ ची. पावणेचार स्टॉप कमी, म्हणजे असे डझनभर फ्लॅश हवेत.

आता तोच फ्लॅश एफएम२वर. १/२५० ला अंगण एफ/११ मागतं, एक स्टॉप उजळ धरला तर एफ/८. कमतरता पावणेदोन स्टॉपची. डझनाच्या जागी तीन-सव्वातीन फ्लॅश. शिवाय खोलीही मध्यम उजेडापेक्षा एक स्टॉप अंधारी ठेवली तर दोन फ्लॅशमध्ये काम होतं, आणि दोन फ्लॅश कोणाकडूनही उसने मिळतात.

खोली मुद्दाम अंधारी ठेवायची हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. आत आणि बाहेर तंतोतंत सारखा उजेड केला की चित्र खोटं वाटायला लागतं. खिडकीत अंगण दिसत नाही, अंगणाचं कॅलेंडर टांगल्यासारखं दिसतं. घरांच्या जाहिरातींमधले कितीतरी फोटो असे असतात. माझ्या मते बाहेरचं एक ते दीड स्टॉप उजळ हवं, आतलं तेवढंच दबलेलं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की ऊन तिकडे आहे आणि आपण सावलीत बसलोय. तोल साधायचा म्हणजे पारडी समान करायची असं नाही.

चादरीवरून आठवण झाली. उजेड कापडावर उसळवून घेण्याच्या या युक्तीचा आपल्याकडचा सगळ्यात नामांकित वापर छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी केला, १९५६ च्या ‘अपराजितो’साठी. बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभा केला होता, आणि वरून उघड्या चौकातून झिरपणारा सावलीविना उजेड हवा होता. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्याच्यावर मारले. माझ्या चादरीचं खानदान तिथपर्यंत पोचतं, असं मी स्वतःची समजूत घालायला सांगतो.

इथवर फक्त उजेड किती याचं झालं. कसा, हे अजून राहिलंय, आणि स्लाइडवर तेच जास्त छळतं.

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्व्हिन, फ्लॅशही तेवढाच. घरातला पिवळा तारेचा बल्ब २८०० च्या आसपास, समईची वात १९०० च्या. आकडा जितका लहान तितका उजेड तांबडा. नेहमीची डेलाइट स्लाइड फिल्म ५५०० ला पांढरं समजते. तिच्यावर बल्बचा उजेड पडला की भिंती संत्र्याच्या सालीसारख्या येतात. पूर्वी ३२०० ला पांढरं समजणारी टंगस्टन स्लाइड फिल्मही मिळायची, स्टुडिओच्या दिव्यांसाठी. ती घरात वापरली की बल्ब बरा यायचा, पण खिडकी निळीने धुतल्यासारखी. ती फिल्म आता कोडॅक किंवा फुजी कोणीच बनवत नाही.

निगेटिव्हमध्ये हा रंग प्रिंट काढणारा सुधारून देतो. स्लाइडमध्ये तो लेन्ससमोरच सुधारायचा, रंगीत फिल्टर लावून. बल्बसाठी डेलाइट फिल्मला ‘८०ए’ नावाचा निळा फिल्टर लागतो. तो दोन स्टॉप उजेड खातो. त्याचं काम समजायला फिल्टरवाल्यांचं एक सोपं गणित आहे: दहा लाखांना केल्व्हिनने भागायचं, येईल तो आकडा मायरेड. ऊन १८२, आपला बल्ब ३५७. ‘८०ए’ त्यातून १३१ वजा करतो, राहतात २२६. म्हणजे उन्हापेक्षा अजून ४४ ने तांबडा. हा उरलेला तांबडेपणा मला हवाच असतो. बल्बचा उजेड दुपारसारखा पांढरा केला तर बल्ब लावलाच कशाला? हा फिल्टर खरं तर ३२०० च्या स्टुडिओ दिव्यांसाठी आहे, घरातल्या बल्बला तो थोडा अपुरा पडतो, आणि त्याचं अपुरेपणच कामाला येतं. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बल्ब आणखी तांबडा होतो, तेव्हा गणित थोडं सैल धरावं.

फिल्टर काढायला विसरण्याचा अनुभव प्रत्येकाच्या नावावर असतो. माझ्या नावावर एक अख्खा रोल आहे. रात्री माजघर टिपलं, सकाळी तोच रोल घेऊन आगरात गेलो, ‘८०ए’ तसाच. व्ह्यूफाइंडरमधून सगळं जरा निळसर दिसत होतं, पण डोळा पाच मिनिटांत सरावतो. मीटरही लेन्समधूनच मोजत होता, त्यामुळे एक्स्पोजर बिनचूक. धुऊन आल्यावर सुपारीची बाग अशी दिसत होती जणू विहिरीच्या तळाशी लावलीय.

खिडकीतून येणाऱ्या उजेडालाही स्वतःचा रंग असतो, तो लोक गृहीत धरत नाहीत. ऊन थेट आत येत नसेल तर आत येतो तो कुठून तरी उसळलेला उजेड. जांभ्याच्या चिऱ्यांवरून आला तर तांबूस. केळीच्या पानांतून आला तर हिरवट, आणि खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा गाल कावीळ झाल्यासारखा. नुसत्या मोकळ्या आकाशाचा असेल तर निळा, कारण निरभ्र आकाशाचा आकडा १०,००० केल्व्हिनच्याही वर जातो. डोळा हे सगळं माफ करतो. स्लाइडवर ते उमटतं.

ट्यूबलाइटबद्दल एवढंच सांगतो की शक्य असेल तर बंद करा. तिचा उजेड डोळ्याला पांढरा आणि स्लाइडवर शेवाळी हिरवा. त्यावर जांभळट-गुलाबी फिल्टर असतो, पण तो लावला की खिडकीबाहेरचं सगळं गुलाबी होतं. आजच्या स्वस्त एलईडी दिव्यांतही थोडाफार हाच हिरवटपणा लपलेला असतो, खोक्यावर ३००० लिहिलेलं असलं तरी.

म्हणजे आता कोंडी अशी: बल्बसाठी निळा फिल्टर लावावा तर अंगण निळं, न लावावा तर भिंती नारिंगी. एकाच फ्रेममध्ये दोन रंगांचे उजेड आणि लेन्सला डोळा एकच. इथे तिसरा रस्ता, वाट बघण्याचा.

सूर्य मावळला की बाहेरचा उजेड भराभर उतरतो. उतरता उतरता एक वेळ अशी येते की अंगण आणि बल्ब लावलेलं माजघर एका पातळीवर येतात. ना जेल, ना फ्लॅश. सूर्यास्ताच्या वेळी अंगणात साधारण चारशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि नागरी संधिप्रकाश संपताना, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेल्यावर, जेमतेम तीन-चार. म्हणजे शंभरेक पटींनी घट, सात स्टॉपच्या आसपास. हे सगळं किती वेळात घडतं, ते तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात त्यावर ठरतं. लंडनला जूनमध्ये या उतरणीला पाऊण तास लागतो. रत्नागिरीला बावीस-तेवीस मिनिटं. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ बुडी मारतो, तिकडे तो तिरका घसरत जातो. साधारण तीन-साडेतीन मिनिटांना एक स्टॉप असा आपला हिशोब. इंग्रजी पुस्तकांमधलं ‘निवांत अर्धा तास’ वाचून जो ट्रायपॉड लावायला बसेल, त्याचा पाय फिरवून होईस्तोवर अंधार पडलेला असतो. सगळी मांडणी सूर्य वर असतानाच उरकून, केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर सोडायची तार, हातात घेऊन बसायचं.

नुसतं एवढंही पुष्कळांना पुरतं. सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटांनी एक फ्रेम, बाहेर निळं, आत नारिंगी. कॅलेंडरवाल्यांचं आवडतं चित्र. मला त्यातला नारिंगी जरा भडक वाटतो, म्हणून मी पुढची पायरी चढतो: एकाच फ्रेमवर दोन एक्स्पोजर.

कल्पना साधी आहे. अंधार फिल्मवर काही लिहीत नाही. मग पहिल्या वेळी आत अंधार ठेवायचा आणि बाहेर उजेड असताना शटर उघडायचं, फिल्टरविना. फिल्मवर फक्त अंगण उमटतं, माजघराची जागा कोरी राहते. मग कॅमेरा केसभरही न हलवता पूर्ण अंधार होऊ द्यायचा, आतले बल्ब लावायचे, ‘८०ए’ चढवायचा आणि पुन्हा शटर उघडायचं. आता बाहेर काही नाही, म्हणून अंगणाच्या जागी काही भर पडत नाही, आणि मगाशी कोरी राहिलेली जागा भरून निघते. आजच्या फोनमध्ये दोन-तीन फोटो जोडून खिडकी सांभाळतात, ते याचंच यंत्राने केलेलं रूप. ज्युलियस शुलमन यांनी १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या काचेच्या घराचा जो विख्यात फोटो काढला त्यातही हाच मसाला होता: आधी खालच्या शहराच्या दिव्यांसाठी सुमारे सात मिनिटं शटर उघडं, आणि मग घरात बसलेल्या माणसांसाठी फ्लॅश. चित्र कृष्णधवल असल्यामुळे रंगाची डोकेदुखी तेवढी वाचली.

आकडे असे होते. फिल्म फुजीची प्रोव्हिया १००एफ, अ‍ॅपर्चर एफ/८. सूर्यास्तानंतर बारा मिनिटांनी अंगणासाठी दोन सेकंद. मीटर चार म्हणत होता, पण संध्याकाळ संध्याकाळच दिसायला हवी म्हणून निम्मं केलं. रात्री माजघरासाठी मीटर चार सेकंद म्हणाला. फिल्टरचे दोन स्टॉप म्हणजे चौपट, सोळा सेकंद. मोठ्या एक्स्पोजरला फिल्म आळसावतात, मागितलेल्यापेक्षा जास्त वेळ खातात आणि रंगही बदलतात. फुजीचीच वेल्विया ५० काही सेकंदांतच कुरकुर सुरू करते. प्रोव्हिया १००एफ दोन मिनिटांपर्यंत मुकाट काम करते, म्हणून ती निवडली.

एफएम२ला दुहेरी एक्स्पोजरसाठी छोटी कळ आहे. ती दाबून लिव्हर ओढला की शटर भरतं, पण फिल्म पुढे सरकत नाही. ओढताना ट्रायपॉड हलता कामा नये, म्हणून मी डाव्या हाताने कॅमेरा पाळण्यातल्या पोराच्या डोक्यासारखा धरला होता.

एवढी तयारी करून बसलो आणि ज्या गोष्टीचा हिशोबच केला नव्हता ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकू.

“अरे, तिन्हीसांजेला घरात काळोख करून काय बसलायस? दिवा लाव आधी.”

तंत्राची सगळी मागणी हीच होती की नेमक्या दिवेलागणीला घर अंधारात ठेवायचं. मी समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं. “तुझं ते फिल्मचं तू बघ, पण देवापुढे दिवा लागल्याशिवाय राहायचा नाही,” म्हणाल्या आणि देवघराच्या कोनाड्यात निरांजन लावून शांतपणे शुभंकरोती म्हणायला लागल्या. बाहेरचा उजेड तीन मिनिटांना एक स्टॉपने पळत होता. वाद घालण्यात एक स्टॉप गेलाच होता. मी निरांजनासकट पहिला एक्स्पोजर उरकला.

नंतर पाऊण तास ओटीवर बसलो. कोणी कॅमेऱ्याजवळून जाऊ नये म्हणून माजघराच्या दारात आडवी काठी ठेवली होती. ती ओलांडायची मुभा फक्त काकूंना होती, वात सरसावायला आणि तूप घालायला. अंधार पडला. बल्ब लावला, फिल्टर चढवला, सोळा सेकंद मोजले.

महिन्याभराने रोल धुऊन आला. माउंट केलेली स्लाइड घेऊन पुढच्या खेपेला राजापूरला गेलो. काकूंनी ती खिडकीशी उजेडात धरली. बाहेर निळसर अंगण, तुळस, पाखाडीच्या वरच्या दोन पायऱ्या. आत ऊबदार पिवळट भिंती, सारवणाची बोटं दिसताहेत, जातं दिसतंय. कोनाड्यात निरांजन. एक ज्योत जरा फिकट, तिच्या शेजारी बोटभर अंतरावर दुसरी.

काकूंनी स्लाइड डोळ्यांच्या आणखी जवळ नेली.

“एकच लावली होती रे मी.”